गुडघ्यात पू झाला होता: नानांच्या ऑपरेशनचा आमचा अनुभव

डॉक्टरांना आणि ऑपरेशन थिएटरमधल्या मंडळींना माझ्याकडून पाचपैकी पाच. बिलाचं काउंटर आणि रविवारची ती रात्र, यांना तीन. एकच आकडा टाकावा लागतो म्हणून चार टाकलेत. पण सांध्यात जंतुसंसर्ग झाला म्हणून तुम्ही हॉस्पिटल शोधत असाल तर त्या आकड्यावरून काही ठरवू नका, खालचं सगळं वाचा. आम्हाला त्या दोन दिवसांत असं लिहिलेलं कुठे सापडलं नाही.

नाना म्हणजे माझे सासरे. वय ६७, चांदोरीला साडेतीन एकर द्राक्षबाग, साखरेचा त्रास बारा वर्षांपासून. आम्ही पंचवटीत राहतो. मखमलाबाद नाक्याजवळ माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. आमचे हे रोज बागेत ये-जा करतात, साधारण पंचवीस किलोमीटर पडतं. नानांचे गुडघे चार-पाच वर्षांपासून दुखत होते, पण ऑक्टोबरची छाटणी आली की त्यांना घरात बसवत नाही. मजुरांच्या मागे ओळीओळीने फिरून कोणत्या काडीवर किती डोळे ठेवायचे ते स्वतः बघतात. म्हणून घट बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी उजव्या गुडघ्यात सांधेदुखीचं इंजेक्शन घेतलं. कुठे घेतलं ते मी लिहिणार नाही. चार दिवस खरंच बरं वाटलं, बागेत हिंडले.

खंडेनवमीच्या संध्याकाळी गुडघा सुजला. रात्री ठणका लागला. सासूबाईंनी मिठाच्या पुरचुंडीने शेकलं, एरंडेल चोळलं, आणि तेलाच्या नुसत्या बोटानेही नाना ओरडले. नाना ओरडणारे नव्हेत. दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा असते, घरातला मोठा माणूस म्हणून नारळ तेच फोडतात. त्या दिवशी ते खाटेवरून उठले नाहीत. आतूनच म्हणाले, "पोराला फोडू द्या." मी खोलीत गेले तर गुडघा अर्धवट वाकवून, खाली उशी ठेवून, दोन्ही हातांनी मांडी धरून बसलेले. हात लावला तर डाव्या गुडघ्यापेक्षा उजवा चांगलाच गरम. अंगात १०२ ताप.

गावाजवळच्या डॉक्टरांनी तपासलं, एक्स-रे काढला. "एक्स-रे क्लिअर आहे, वात उसळलाय," म्हणाले आणि दुखण्याच्या गोळ्या दिल्या. पुढे कळलं की सांध्यात पू होतो तेव्हा पहिल्या काही दिवसांत एक्स-रेमध्ये हाडात काहीच दिसत नाही, दिसलीच तर फक्त सूज. एक्स-रे चांगला आला म्हणून आम्ही एक पूर्ण रात्र निश्चिंत झोपलो. ती रात्र मला अजून सलते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय टेकवेना, आणि दुपारनंतर नाना थरथरायला लागले. तेव्हा मी यांना म्हटलं, बाग राहू द्या, गाडी काढा. नांदूर नाक्यावर वीस मिनिटं अडकलो. पाठीमागच्या सीटवर पाय आडवा, प्रत्येक खड्ड्याला नानांचा श्वास अडकायचा. या हॉस्पिटलला पोचलो तेव्हा सव्वापाच वाजले होते.

आता या हॉस्पिटलचं मूल्यमापन करायचं तर पुढच्या दोन तासांचं करावं लागेल. नानांसाठी सगळं त्या दोन तासांत ठरलं.

केसपेपर काढताना समोरच्या मुलीने विचारलं, काय होतंय. मी म्हटलं, गुडघा गरम आहे, ताप आहे, पाय टेकवत नाही. तिने नंबरची चिठ्ठी दिलीच नाही. व्हीलचेअर मागवली आणि आम्हाला सरळ आत पाठवलं. ओपीडीत पंचवीसेक माणसं बसली होती. कुणी तक्रार केली नाही, नानांचा चेहराच तसा झाला होता. त्या मुलीला कुणीतरी हे शिकवून ठेवलंय, आणि ज्याने शिकवलं त्याचे मी आभार मानते.

डॉक्टरांनी गुडघा बघितला आणि पहिला प्रश्न विचारला: "अँटिबायोटिक काही चालू केलंय का?" मी पर्समधून गोळ्यांची पाकिटं काढून समोर ठेवली. एक दुखण्याची, एक पित्ताची. त्यांनी दोन्ही उलटसुलट करून वाचली. "बरं झालं पाकिटं आणलीत. अँटिबायोटिक आधी पोटात गेलं असतं तर जंतू तपासात सापडेल याची खात्री राहिली नसती." हे मला माहीत नव्हतं. ताप आला की मेडिकलमधून पाच गोळ्या आणून घ्यायची आपल्याकडे सवय आहे, आमच्याही घरात आहे. नशिबाने त्या वेळी कुणी आणल्या नव्हत्या.

मग तिथेच, तपासणीच्या टेबलवर, गुडघ्याला जागा बधिर करून जाड सुईने पाणी काढलं. मी उभी होते. गुडघ्याच्या वाटीशेजारून सुई आत गेली, सिरिंजचा दट्ट्या मागे ओढला आणि आत जे आलं ते पाणी नव्हतं. आंबट ताकासारखं, हिरवट पिवळं, दाट. डॉक्टरांनी नानांचा केसपेपर उचलला, त्याच्यासमोर सिरिंज धरली आणि मला म्हणाले, "ताई, मागची अक्षरं वाचता येतात का?" येत नव्हती. "निरोगी सांध्यातलं पाणी असतं ना, त्यातून छापलेलं वाचता येतं." तेवढ्या एका कृतीने मला आजार कळला. पुढे जे काही समजावलं ते सगळं त्या सिरिंजवर आधारलेलं होतं. एकूण ५५ मिली निघालं. रक्ताचे नमुनेही घेतले, तेही अँटिबायोटिक सुरू करण्याच्या आधी.

दीड तासात लॅबचा पहिला रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी ८६ हजार. सहसा ५० हजारांच्या वर गेल्या की सांध्यात जंतूंचा पू असण्याची शंका खूप बळावते, असं डॉक्टर म्हणाले. युरिक अ‍ॅसिडचे खडे आहेत का तेही बघितलं होतं, नव्हते. साखर ३४२. सीआरपी म्हणजे शरीरात किती आग पेटलीय ते सांगणारी रक्ततपासणी, ती २१२. एरवी ती एक आकडी असते.

"आज रात्रीच धुवायला लागेल," डॉक्टर म्हणाले.

यांनी विचारलं, औषधाने नाही का जाणार? सकाळपर्यंत थांबलो तर? तेव्हा डॉक्टर आमच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले आणि घाई न करता सांगितलं. सांध्यात हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत गादी असते, तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. पुवातल्या पेशी जंतूंना मारायला जी रसायनं सोडतात तीच ही गादीही खातात. जंतू मेले तरी पू आत असेपर्यंत ते चालू राहतं. औषध रक्तातून सांध्यात पोचतं, जंतू मारतं, पण साचलेला पू बाहेर काढून टाकत नाही. आणि गादी एकदा गेली की पुन्हा उगवत नाही. म्हणून पू काढणं आणि औषध, दोन्ही लागतं, आणि लवकर लागतं. सुईने रोज रोज काढणं, दुर्बिणीतून धुणं, किंवा गुडघा उघडून धुणं, असे तीन मार्ग त्यांनी सांगितले. नानांचा पू दाट आहे, सुईतून पूर्ण येणार नाही, म्हणून दुर्बिणीतून करू; आत जाळी फार झाली असेल तर उघडावंही लागेल, दोन्हीची संमती आत्ताच द्या. आणि एक वाक्य जे मला फार मोलाचं वाटलं: "एकदा धुऊन भागेलच असं मी सांगत नाही. काही जणांना दोनदा, तीनदा न्यावं लागतं."

संमतीपत्र इंग्रजीत होतं. हे मला पटलं नाही. ज्यावर सासरे थरथरत्या हाताने सही करणार ते त्यांना वाचता यायला हवं. नाशिकच्या हॉस्पिटलमध्ये मराठी कागद ठेवायला काय अडचण आहे? मी तसं बोलले. तिथल्या शिकाऊ डॉक्टर मुलीने मग एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली, नानांना समजलं का ते विचारलं, मगच सही घेतली. तिला पूर्ण गुण, कागदाला नाहीत.

नानांनी दीड वाजता भाकरी खाल्ली होती, म्हणून पोट रिकामं होईपर्यंत थांबावं लागलं. तोवर साखर खाली आणायला इन्सुलिन लावलं. भूलतज्ज्ञांनी पाठीत सुई देण्याऐवजी पूर्ण भूल द्यायचं ठरवलं, अंगात जंतू फिरत असल्याची शक्यता असताना पाठीत सुई नको म्हणाले. दहा वाजता आत नेलं, पावणेबाराला बाहेर आणलं.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी आतले फोटो दाखवले. ओल्या खोबऱ्यासारखी पांढरी, चकचकीत गादी, आणि तिच्यावर ठिकठिकाणी पिवळे पापुद्रे चिकटलेले, जसा दुधाच्या भांड्याच्या कडेला सायीचा थर धरतो तसे. सांध्याचं आतलं अस्तर लालभडक. सलाइनच्या तीन-तीन लिटरच्या तीन पिशव्या आतून फिरवल्या, नऊ लिटर. पापुद्रे खरवडून काढले, सुजलेलं अस्तर काढलं, एक नळी आत ठेवली. या आजाराच्या चार पायऱ्या मानतात असं त्यांनी सांगितलं. पहिलीत पाणी नुसतं गढूळ आणि अस्तर लाल, दुसरीत पू आणि पापुद्रे, तिसरीत अस्तर जाड होऊन आत कप्पे पडतात, चौथीत गादी आणि हाड पोखरतं. नानांचा गुडघा दुसरीत होता, तिसरीच्या उंबरठ्यावर. "गादी अजून शाबूत आहे," असं म्हणाले तेव्हा मी भिंतीला टेकून रडले. हे पहिल्यांदा लिहितेय.

दोन औषधं सुरू केली होती, एक व्हँकोमायसिन आणि एक सेफट्रायक्झोन. कोणता जंतू आहे ते कळेपर्यंत दोन्ही, कारण कल्चरला, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, दोन-तीन दिवस लागतात. जंतू वाढायला जो वेळ लागतो तो लागतोच, हॉस्पिटल कितीही मोठं असलं तरी. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: स्टॅफिलोकॉकस ऑरियस. सांध्याच्या जंतुसंसर्गात मोठ्या माणसांमध्ये हाच सगळ्यात जास्त सापडतो. बऱ्याच माणसांच्या कातडीवर, नाकात तो एरवीही असतो. दिलासा हा की साध्या औषधांना दाद देणारा निघाला, आणि रक्ताच्या कल्चरमध्ये काही उगवलं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांनी स्वतःहून ती दोन्ही औषधं बंद केली आणि सेफाझोलिन सुरू केलं, दर आठ तासांनी. व्हँकोमायसिनमुळे मूत्रपिंडावर ताण येतो, नानांना साखर आहे, उगाच चालू ठेवायला नको म्हणाले. जड औषध चालू ठेवलं असतं तर आम्हाला काही कळलं नसतं. म्हणून हे मुद्दाम नोंदवते.

त्या शिकाऊ डॉक्टर मुलीने नानांना जंतूच्या नावाचा अर्थ सांगितला. सूक्ष्मदर्शकाखाली हे जंतू गोल गोल आणि घोसाने दिसतात, म्हणून ग्रीक भाषेतल्या द्राक्षाच्या घोसाच्या शब्दावरून नाव पडलं. घरी आल्यावर मी वाचलं, ते नाव अलेक्झांडर ऑग्स्टन नावाच्या स्कॉटलंडच्या शल्यचिकित्सकाने १८८० च्या दशकात दिलं, आणि त्यालाही हे जंतू रुग्णांच्या पुवातच सापडले होते. नावाचा अर्थ ऐकून नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला म्हणाले, "चाळीस वर्षं घोस सांभाळले ग." एवढंच. दुखणं सुरू झाल्यापासून बागेविषयी त्यांनी काढलेलं ते पहिलं वाक्य.

चौथ्या दिवशी पुन्हा ताप चढला. सीआरपी २१२ वरून १८८ वरच अडकलेली, गुडघा पुन्हा टम्म. डॉक्टरांनी एक दिवस वाट बघू वगैरे म्हटलं नाही, संध्याकाळी दुसऱ्यांदा नेलं. पुन्हा दुर्बिणीतूनच झालं. नाना खचले होते, यांनाही वाटलं की पहिलं ऑपरेशन फसलं. मला तसं वाटलं नाही, कारण पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. त्यानंतर मात्र उतार पडला. दोन दिवसांनी सीआरपी ९४, मग ६१, घरी सोडताना १८. ईएसआर नावाची दुसरी तपासणी फार सावकाश उतरते, ती बघून घाबरू नका, असंही बजावून सांगितलं.

आता जे आवडलं नाही ते.

दुसऱ्या ऑपरेशननंतरचा रविवार. नळीच्या टोकाला पेटीच्या भात्यासारखा एक प्लास्टिकचा डबा असतो. तो दाबून चपटा ठेवला की फुगता फुगता आतलं पाणी ओढून घेतो. रात्री सव्वाएक वाजता मी बघितलं तर भाता पूर्ण फुगलेला, म्हणजे ओढ संपलेली, आणि नळीत रक्ताळलेलं पाणी तसंच थांबलेलं. घंटा दाबली. कुणी आलं नाही. काउंटरवर गेले, तिथे कुणी नाही. सिस्टर वरच्या मजल्यावर दुसऱ्या पेशंटकडे, दोन मजल्यांना मिळून एकटी. ती आली तेव्हा दोन वाजले होते. पंचेचाळीस मिनिटं. बिचारी घामाने निथळत होती, तिच्यावर माझा राग नाही. तिने डबा रिकामा केला, मोजून लिहिलं, पुन्हा दाबून बसवला, आणि पुन्हा असं झालं तर नळीचा चाप आधी बंद करायचा हे मला दाखवून गेली. पण ज्या ठिकाणी सांध्यात नळ्या असलेले पेशंट ठेवता तिथे रविवारी रात्री दोन मजल्यांना एक सिस्टर ठेवणं बरोबर नाही. सकाळी मी हे डॉक्टरांना सांगितलं. पुढच्या रात्री दोघी होत्या. पुढेही राहतील अशी आशा आहे.

पैशांचं. दोन ऑपरेशनं, चौदा रात्री, दोन खाटांची खोली: १ लाख ९२ हजार. औषधं वेगळी, ३८ हजार. आमचा विमा नव्हता. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत शिधापत्रिकेवर ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात, पण योजनेच्या यादीतल्या रुग्णालयातच. हे हॉस्पिटल यादीत नाही. ते त्यांनी आम्हाला तिसऱ्या दिवशी सांगितलं, मी विचारल्यावर. पहिल्या संध्याकाळी अनामत भरून घेतानाच सांगायला हवं होतं. त्या रात्री आम्ही नानांना हलवलं नसतं हे खरं, पण ठरवायचा हक्क आमचा होता. तुम्ही जाल तेव्हा शिधापत्रिका आणि आधार बरोबर ठेवा आणि दारातच विचारा. आणि यादीतल्या रुग्णालयात तीच सुई, तेच कल्चर, तेच धुणं त्याच रात्री होणार असेल तर तिथे जा, मी आग्रह करणार नाही. रात्र मात्र घालवू नका.

फिजिओथेरपीचे दहा मिनिटं म्हणजे दहाच मिनिटं. मुलगा चांगला होता, पण घड्याळ बघत काम करायचा. दुसऱ्या ऑपरेशननंतर दोन दिवसांनी गुडघा हलवायला सुरुवात केली, कारण पू गेला तरी सांधा आखडतो. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, मग खाटेच्या कडेला पाय सोडून बसायचं. मी दोन दिवस बघून शिकून घेतलं आणि बाकीचं स्वतः करून घेतलं. सून सासऱ्यांचा पाय धरून व्यायाम घेतेय याचं नानांना फार अवघड वाटायचं, तोंड भिंतीकडे करून बसायचे. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "पोरी, आज पाच वेळा जास्त कर." सोडताना गुडघा ७० अंश वाकत होता, सहा आठवड्यांनी ९५, आता ११८.

जेवण हॉस्पिटलचं नव्हतंच, डबा घरून. खोली स्वच्छ, संडास स्वच्छ, फरशी पुसणाऱ्या मावशी दिवसातून तीनदा यायच्या. सोबतच्या माणसाला झोपायला प्लास्टिकची खुर्ची, बाकी काही नाही.

आमच्या शेजारच्या खोलीत पेठ तालुक्यातलं एक चार वर्षांचं पोर होतं. त्याच्या खुब्यात पू झालेला. त्याची आई माझ्याशी बोलायची. पोर दोन दिवस उभं राहत नव्हतं, लंगोट बदलताना किंचाळायचं, सगळ्यांना वाटलं पडलं असेल. खुब्याचं तर आणखी घाईचं, कारण तिथे पू साचून दाब वाढला की मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठाच तुटू शकतो. त्याला आणलं त्याच रात्री उघडून धुतलं. आम्ही निघालो तेव्हा ते आईच्या कडेवर बसून मावशींची बादली मागत होतं.

इंजेक्शनविषयी मी डॉक्टरांना सरळ विचारलं होतं. त्यांनी सरळ उत्तर दिलं. सांध्यातल्या इंजेक्शननंतर असं होणं फार विरळा, पण होतं. मग त्यांनी नानांची पावलं बघितली. दोन्ही टाचांना खोल भेगा, डाव्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात जखम, नानांना तिचा पत्ताही नव्हता. साखरेच्या माणसाला अशा जखमेतूनही जंतू रक्तात जाऊन आधीच झिजलेल्या सांध्यात बसू शकतो. "यातलं नक्की कोणतं ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि सांगू नये," असं म्हणाले. आम्हाला कुणावर तरी राग काढायचा होता, त्यांनी तो काढू दिला नाही. त्या वेळी मला ते आवडलं नव्हतं. आता त्या माणसाविषयी आदर वाटतो तो त्यामुळेच जास्त. त्या दिवसापासून नानांची पावलं रोज रात्री सासूबाई बघतात, बॅटरी लावून, आणि बागेत बूट घातल्याशिवाय जाऊ देत नाहीत.

दिवाळीला दोन दिवस असताना घरी आलो. दोन आठवडे शिरेतून औषध झालं होतं, पुढे चार आठवडे गोळ्या. एकही चुकवली नाही, दुकानातल्या कॅलेंडरवर मी रोज खूण करायचे. सहा आठवड्यांनी सीआरपी ४. पहिले दोन महिने दर पंधरा दिवसांनी दाखवायला बोलावलं, आणि प्रत्येक वेळी नानांना टेबलवर झोपवून गुडघ्याला हात लावून बघितलं, नुसते रिपोर्ट बघून पाठवलं नाही.

आज फेब्रुवारीची अखेर आहे, आमची काढणी चालू आहे. नाना काठी घेऊन बांधापर्यंत जातात, खुर्चीवर बसून पेट्या भरणाऱ्या बायकांना घोस कसा धरायचा ते सांगतात. उकिडवं बसता येत नाही, बहुतेक येणारही नाही. जिना एकेक पायरीने. गुडघ्याची जुनी झीज आहे ती आहेच, पुढे कधीतरी सांधा बदलायचा विषय निघेल, पण जंतू पूर्ण गेल्याची खात्री झाल्याशिवाय तो काढायचा नाही असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. पुढची तारीख एप्रिलची आहे, खरड छाटणीच्या आधीची. नानांनी त्यासाठी दोन पेट्या बाजूला काढायला सांगितल्यात. एप्रिलपर्यंत द्राक्षं टिकायची नाहीत, म्हणून मी परवाच नेऊन देणार आहे. एक पेटी डॉक्टरांना, आणि एक रविवारी रात्री एकटी होती त्या सिस्टरला.